गल्ल्यामागची माणसे आणि व्हर्जिनिया वुल्फ यांचा निकाल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी कादंबरीच्या वाटचालीवर आलेला लेख लक्षपूर्वक वाचला. लेख कष्टाने लिहिलेला आहे आणि त्यातला जेम्स जॉइसवरचा भाग तर फारच चांगला उतरला आहे. मात्र टॉमस हार्डीवरून उडी मारून तो थेट जॉइस आणि व्हर्जिनिया वुल्फ यांच्यापाशी पोहोचतो. मधल्या पंधरा-वीस वर्षांत दुकानदार, कारकून, रंगारी, शिकाऊ पोरे यांच्या आयुष्यावर ज्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, त्या आर्नल्ड बेनेट, एच. जी. वेल्स प्रभृतींची 'बाह्य तपशिलांत रमलेले लेखक' अशी एका वाक्यात बोळवण होते, हे काही पटले नाही. म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे, पण विषयच असा आहे की दोन ओळींत तक्रार नोंदवून भागणार नाही.

हा निकाल मुळात लेखकाचा नाही, तो वुल्फबाईंचा आहे. मे १९२४ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे त्यांनी एक निबंध वाचला आणि त्याच वर्षी तो 'मिस्टर बेनेट अँड मिसेस ब्राउन' या नावाने स्वतःच्याच हॉगार्थ प्रेसमधून पुस्तिकारूपाने काढला. रिचमंडहून वॉटर्लूला जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यात एक साठीची बाई कोपऱ्यात बसली आहे. तिचे नाव मिसेस ब्राउन असे समजू, आणि बेनेट, वेल्स व त्यांच्याच पिढीतला कादंबरीकार गॉल्सवर्दी यांना तिचे वर्णन करायला सांगू, असा त्यांचा डाव आहे. त्यांचे म्हणणे असे की बेनेट डब्यातल्या जाहिराती पाहील, गाद्यांची बटणे पाहील, बाईच्या गळ्याशी लावलेल्या पिनेची किंमत सांगेल, तिच्या घराचे भाडे किती आणि मालकी कोणत्या प्रकारची तेही सांगेल, पण बाईकडे मात्र एकदाही बघणार नाही. डिसेंबर १९१० च्या सुमारास मानवी स्वभावच बदलला, हे त्यांचे गाजलेले विधानही याच निबंधातले. निबंध इतका चटकदार आहे की इंग्रजी साहित्य शिकलेल्या आपल्याकडच्या अनेकांनी तो वाचला आणि ज्या पुस्तकांवर तो लिहिला गेला ती उघडण्याची गरजच त्यांना भासली नाही. फिर्यादीचे भाषण ऐकून खटल्याचा निकाल लावावा तसा हा प्रकार झाला.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. घराचे भाडे, कापडाचा भाव, पगाराचा दिवस या गोष्टी ज्याला खाण्यापिण्याची ददात नाही त्याच्या दृष्टीने 'बाह्य' असतात. ज्याचे पोट त्यांवर चालते, त्याच्या मनात रात्री अंथरुणावर पडल्यावर जे घोळत असते ते हेच असते. बेनेट आणि वेल्स हे दुकानात, कचेरीत, उमेदवारीत वाढलेले लेखक होते आणि ही गोष्ट त्यांना वाचून समजलेली नव्हती.

बेनेटचा जन्म १८६७ सालचा, इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमधील हॅन्ली गावचा. हा सारा पट्टा चिनीमातीच्या भांड्यांचा. भट्ट्या, धूर, चिखल आणि मेथडिस्ट पंथाची प्रार्थनामंदिरे यांनी भरलेला. वडील मोठ्या कष्टाने वकील झाले होते आणि मुलाला त्यांनी आपल्या कचेरीत जुंपले, तेथे त्याच्या वाट्याला आलेल्या कामांपैकी एक होते भाडेवसुलीचे. दारोदार जाऊन थकलेले भाडे मागणारा पोरगा माणसांच्या चेहऱ्यावर काय वाचतो, हे 'ॲना ऑफ द फाइव्ह टाउन्स' (१९०२) वाचल्यावर कळते. ॲनाला एकविसाव्या वाढदिवशी तिचा कंजूष बाप सांगतो की आईकडून आलेली जवळपास पन्नास हजार पौंडांची मालमत्ता आता तुझी आहे. पण चेकबुक आपल्याच हाती ठेवतो आणि टायटस प्राइस नावाच्या मोडकळीस आलेल्या कारखानदाराकडून थकलेले भाडे वसूल करण्यासाठी तिच्याच हाताने तगाद्याची पत्रे लिहवून घेतो. प्राइस शेवटी गळफास लावून घेतो. ज्या भाड्याचा उल्लेख वुल्फबाईंना हास्यास्पद वाटतो, त्या भाड्यावरच एका मुलीच्या सदसद्विवेकबुद्धीची सारी कादंबरी उभी आहे. ते भाडे पानांतून वगळा, ॲनाच्या मनात मग काय उरते ते पाहा.

असा लेखक त्याच सुमारास का पुढे आला, यालाही कारणे आहेत. १८९४ पर्यंत इंग्लंडमध्ये नवी कादंबरी तीन खंडांत निघत असे आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. एवढे पैसे मोजून पुस्तक घेणारा विरळा. त्यामुळे म्युडीसारखी वर्गणीवर पुस्तके वाचायला देणारी ग्रंथालयेच खरी गिऱ्हाईके, आणि त्यांच्या वर्गणीदार कुटुंबांना जे रुचेल तेच प्रकाशक छापणार, असा तो व्यवहार होता. १८९४ मध्ये या ग्रंथालयांनीच तीन खंडांचा प्रकार नाकारला आणि कादंबरी सहा शिलिंगांना एका खंडात मिळू लागली. त्याआधी १८७० च्या शिक्षण कायद्याने सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाचा पाया घातलेला होता. त्या शाळांतून निघालेली कारकुनांची आणि दुकानातल्या नोकरांची पिढी आता वाचू लागली होती. १९०६ मध्ये डेंट या प्रकाशकाने शिलिंगाला एक पुस्तक या दराने 'एव्हरीमन्स लायब्ररी' सुरू केली, तीही याच वाचकाच्या भरवशावर. वाचक बदलला म्हणून नायक बदलला, असे सरसकट म्हणता येणार नाही, पण कापडाच्या दुकानातली मुलगी कादंबरीची नायिका होऊ शकते असे प्रकाशकाला वाटण्यामागे हा हिशेब होता यात शंका नाही.

आता ज्या पुस्तकासाठी हे पत्र लिहायला बसलो त्याकडे येतो. 'द ओल्ड वाइव्ह्ज टेल' (१९०८) ही बेनेटची सर्वांत मोठी कादंबरी. तिची जन्मकथा त्याने स्वतःच प्रस्तावनेत सांगितली आहे. १९०३ मध्ये पॅरिसला एका उपाहारगृहात तो नेहमी जेवायला जात असे. एके संध्याकाळी तेथे एक लठ्ठ, बेढब, म्हातारी बाई आली. हातात पुष्कळ पुडकी, ती एकसारखी खाली पडत होती. ती एक जागा निवडी, मग दुसरी, आणि थोड्याच वेळात सगळे जेवणारे तिला हसू लागले. बेनेटच्या मनात आले की ही बाई एके काळी तरुण असेल, सडपातळ असेल, कदाचित देखणीही असेल. या म्हातारीचे तिच्यातून हे असे होणे एका दिवसात घडलेले नाही, क्षणाक्षणाने घडले आहे आणि प्रत्येक क्षणी तिला स्वतःला त्याचा पत्ताही लागलेला नाही. मोपासाँने एका स्त्रीचे सबंध आयुष्य कादंबरीत मांडले होते. बेनेटने ठरवले की आपण दोघींचे मांडायचे. आता विचार करा, आगगाडीच्या डब्यातली बाई आणि उपाहारगृहातली बाई यांच्यात असा कोणता फरक आहे? वुल्फबाईंच्या निबंधाच्या वीस वर्षे आधी बेनेटला त्याची मिसेस ब्राउन भेटली होती, आणि तिच्यावर त्याने निबंध न लिहिता दोन लाख शब्दांची कादंबरी लिहिली.

बर्स्ली गावच्या चौकातल्या बेन्स यांच्या कापडाच्या दुकानात कॉन्स्टन्स आणि सोफिया या दोन बहिणी वाढतात. बाप चौदा वर्षे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला, दुकान आईच्या करड्या नजरेखाली चाललेले. कॉन्स्टन्स दुकानातल्या सॅम्युअल पोवी या नोकराशी लग्न करून जन्मभर त्याच चौकात राहते. सोफिया एका फिरत्या विक्रेत्याबरोबर पळून जाते, पॅरिसमध्ये नवऱ्याकडून टाकली जाते, भाड्याच्या खोल्यांचा धंदा चालवून पैसा करते आणि म्हातारपणी बहिणीकडे परत येते. कथानक म्हणावे तर एवढेच आहे. पण या पोवीने आपल्या दुकानातल्या कापडांवर लावायच्या किमतीच्या चिठ्ठ्या कशा सुधारल्या ते पाहा. तोवर दुकानात छापील, चकचकीत, विकतच्या चिठ्ठ्या असत. पोवीने कार्डबोर्ड कापून स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या केल्या आणि त्यांवर किमतीसोबत मालाची तारीफ करणारे शब्द लिहिले. पुढे त्याने दुकानावर पाटीही चढवली. आज कोणाला यात काही वाटणार नाही, पण मिसेस बेन्स यांच्या जगात आपला माल चांगला आहे असे आपणच ओरडून सांगणे हे सभ्य दुकानाला न शोभणारे होते. ज्याला यायचे त्याला दुकान ठाऊक आहेच, मग पाटी कशाला? त्या पाटीबरोबर एका बाईची सत्ता संपते आणि धंद्याचा एक अख्खा काळ संपतो. याला कोणी दुकानातल्या सामानाची यादी म्हणत असेल तर म्हणो.

याच पोवीचा दात दुखत असताना तो अफूच्या अर्काच्या गुंगीत तोंड उघडे टाकून झोपतो, आणि सोफिया पक्कड घेऊन त्याचा हलणारा दात उपटून टाकते. उपटलेला दात भलताच निघतो. कॉन्स्टन्स भयाने आणि हसण्याने अर्धमेली होते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींचा हा उपद्व्याप म्हणजे कादंबरीतला सर्वांत विनोदी प्रसंग आहे, पण या एकाच प्रसंगातून दोघी बहिणींचे पुढचे आयुष्य दिसते: एक हात घालणारी, दुसरी घाबरून पाहत राहणारी आणि शेवटी ज्याचा दात उपटला त्याच्याशीच संसार करणारी. हे बेनेट कोठेही सांगत नाही. मानवी मनाचा ठाव घेण्यासाठी मनातल्या विचारांचा प्रवाहच मांडला पाहिजे असे नाही. पक्कड कोणी उचलली हे सांगूनही काम होते.

पॅरिसला जर्मन सैन्याचा वेढा पडला तो १८७०-७१ चा प्रसंग बेनेटने ज्या रीतीने लिहिला आहे, ती रीत तर मला सबंध इंग्रजी कादंबरीत विशेष वाटते. तो फ्रान्समध्ये ज्या घरात भाड्याने राहत होता त्याचा मालक रेल्वेतून निवृत्त झालेला म्हातारा होता. तुम्ही वेढ्यात होता ना, असे बेनेटने विचारले, तेव्हा त्याने बायकोकडे वळून काहीशा अनिश्चित स्वरात विचारले, वेढा, तो झाला होता, नाही का? बेनेटच्या लक्षात आले की इतिहासाच्या पुस्तकांत धगधगणारी ही घटना लाखो पॅरिसकरांसाठी तितकी नाट्यमय नव्हतीच, त्यांचे रोजचे आयुष्य तेव्हाही चालू होते. म्हणून त्याची सोफिया वेढ्यात काय करते? तिने पळपुट्या नवऱ्याच्या खिशातून काढून घेतलेले दोनशे पौंड जपून ठेवलेले असतात. त्या बळावर ती खोल्या चालवते, वेढा पडण्याआधी धान्य, हॅम, चीज भरून ठेवते, भाडेकऱ्यांच्या थकबाकीकडे नजर ठेवते आणि तोफांच्या आवाजापेक्षा बटाट्याच्या भावाकडे तिचे लक्ष अधिक असते. एका परक्या शहरात, एकट्या, टाकलेल्या बाईचे मन तिथेच असणार.

जाता जाता एक गंमत. सोफियाला नवरा सार्वजनिक देहदंड पाहायला नेतो, असे एक प्रकरण या कादंबरीत आहे. फ्रँक हॅरिस या लेखकाने म्हटले की बेनेटने असला प्रसंग डोळ्यांनी पाहिलेला दिसत नाही, आणि त्याने स्वतःचे असे वर्णन लिहून दाखवले. बेनेटने कबूल केले की आपण पाहिलेला नाही, वर्तमानपत्रातल्या मजकुरावरून लिहिले. आणि वर सांगितले की हॅरिसनेही तो पाहिलेला नव्हता.

शेवटी सोफियाला तिचा नवरा जवळजवळ तीस वर्षांनी दिसतो तो मँचेस्टरला, मेलेला. तिला वाटले होते राग येईल, द्वेष उफाळेल. समोर एक सुरकुतलेला, झिजलेला म्हातारा पडलेला असतो आणि तिला फक्त एवढेच जाणवते की हा एकदा तरुण होता, म्हातारा झाला आणि आता मेला. ई. एम. फॉर्स्टरने पुढे १९२७ मध्ये या कादंबरीबद्दल म्हटले की तिचा खरा नायक काळ आहे, ती बळकट, प्रामाणिक, दुःखी आहे, पण थोरवीपर्यंत पोहोचत नाही. पहिली तीन विशेषणे मला मान्य आहेत.

फॉर्स्टरचे नाव निघालेच आहे तर एक गोष्ट नोंदवतो. देवासच्या थोरल्या पातीच्या पवार महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून १९२१ मध्ये काही महिने काढलेला हा लेखक मराठी वाचकाला परका नाही. त्याच्या 'हॉवर्ड्स एंड' (१९१०) मध्ये लिओनार्ड बास्ट हा विमा कंपनीतला गरीब कारकून आहे. त्याची ओळख करून देतानाच फॉर्स्टर सांगून टाकतो की अगदी गरिबांशी आपल्याला कर्तव्य नाही, त्यांचा विचार संख्याशास्त्रज्ञाने किंवा कवीने करावा. यात उपरोध आहे हे मान्य. तरीही बास्टचे पुढे जे होते ते पाहता उपरोध लेखकावरच उलटतो. सुसंस्कृत बहिणींच्या चुकीच्या सल्ल्याने त्याची नोकरी जाते आणि अखेरीस पुस्तकांचे कपाट अंगावर कोसळून तो मरतो. सुसंस्कृत घरातून पाहिले की कारकून असा दिसतो: करुणेचा विषय, बोधाचे साधन. त्याला स्वतःच्या संध्याकाळी, स्वतःचे विनोद, स्वतःचा उर्मटपणा असतो, ही गोष्ट फॉर्स्टरला फारशी माहीत नव्हती. वेल्सला माहीत होती.

वेल्सला आपल्याकडे वैज्ञानिक कादंबऱ्यांचा जनक म्हणून ओळखतात, तो स्वतः चिनीमातीच्या भांड्यांच्या छोट्या दुकानदाराचा मुलगा होता हे फार कोणी लक्षात घेत नाही. बाप क्रिकेटपटूही होता. १८६२ मध्ये केंटकडून ससेक्सविरुद्ध त्याने चार चेंडूंत चार बळी घेतले होते, पण त्याने घर चालत नव्हते. आई एका मोठ्या वाड्यावर हाउसकीपर म्हणून कामाला गेली आणि मुलाला साउथसी येथील कापड दुकानात उमेदवारीला ठेवले गेले. १८८१ ते १८८३ अशी दोन वर्षे त्याने तिथे रोजचे तेरा तास काम केले, दुकानाच्याच वरच्या मजल्यावर इतर पोरांबरोबर झोपून. एका रविवारी तो सतरा मैल चालत आईकडे गेला, हे सोडवा म्हणून सांगायला. 'किप्स' (१९०५) मधला किप्स ही तीच कापडाची गाठोडी उचलणारा पोरगा आहे. त्याच्यासोबत काम करणारा मिंटन त्याला एकदा सांगतो की आपण एका गटाराच्या नळात शिरलो आहोत आणि मरेपर्यंत त्यातून सरपटत राहायचे आहे. हे वाक्य कोणा समाजसुधारकाच्या भाषणातले नाही. दिवसभर कापडाचे तागे घडी करून वैतागलेला माणूस ते म्हणतो. पुढे किप्सला वर्षाला बाराशे पौंड उत्पन्नाचा वारसा मिळतो आणि मग सभ्य समाजात वावरताना काटा-चमचा कोणत्या हातात धरावा या धास्तीने त्याचा जीव अर्धा होतो. एका सभ्य घरी तो पाहुणा म्हणून जातो, तर दार उघडणारी मोलकरीण त्याची बालमैत्रीण ॲन निघते. वर्गभेदावर केवढे ग्रंथ लिहिले गेले, पण टोपी घातलेल्या ॲनसमोर उभ्या असलेल्या किप्सच्या लाजेतून तो जितका समजतो तितका त्या ग्रंथांतून समजत नाही.

'द हिस्टरी ऑफ मिस्टर पॉली' (१९१०) याहून मजेशीर आहे आणि मला ती अधिक आवडते. सदतीस वर्षांचा पॉली कुंपण ओलांडण्याच्या फळीवर बसून साऱ्या जगाला शिव्या घालत असतो आणि लेखक आपल्याला शांतपणे सांगतो की याचे कारण त्याचे तत्त्वज्ञान नसून त्याचे पोट आहे: थंड डुकराचे मांस, थंड बटाटे, लोणची आणि बायकोचा स्वयंपाक. पंधरा वर्षे तोट्यात चाललेल्या दुकानाला आग लावून आणि स्वतःचा गळा चिरून घेऊन बायकोला विम्याचे पैसे मिळवून द्यायचे, असा बेत तो करतो. आग लागते, ती त्याच्या पँटलाही लागते, आणि मरायचे विसरून तो पळतो. नंतर शेजारच्या माडीवरच्या बहिऱ्या म्हातारीला वाचवून गावाचा नायक ठरतो. शेजारचे दुकानदारही मनातून खूश, कारण सगळ्यांचाच धंदा बुडीत चालला होता आणि सगळ्यांचाच विमा होता. छोट्या दुकानदारीच्या दिवाळखोरीवर इतके अचूक आणि इतके हसवणारे लेखन क्वचितच झाले असेल. ज्याने दुकानाचा हिशेब कधी ठेवला नाही त्याला ते सुचणारच नाही.

डी. एच. लॉरेन्सबद्दल लेखात आले आहेच, म्हणून एवढेच म्हणतो की 'सन्स अँड लव्हर्स' (१९१३) मधले आईचे मन सगळे आठवतात, पण खाणकामगार बाप पहाटे एकटा उठून काट्याला बेकनचा तुकडा टोचून विस्तवावर भाजतो, गळणारी चरबी पावावर झेलतो आणि बशीत ओतून चहा पितो, तेव्हा त्या घरात फक्त त्याच एका तासाला तो सुखी आहे हे कळते. वुल्फबाईंनी लॉरेन्सला नव्या पिढीत घातले होते. तरी हे पान तपशिलाचेच आहे.

रॉबर्ट ट्रेसेलचे नाव मात्र लेखात आले नाही, ते यायला हवे होते. त्याचे खरे नाव रॉबर्ट नूनन. डब्लिनला जन्मलेला, हेस्टिंग्जमध्ये घरे रंगवण्याचे आणि पाट्या लिहिण्याचे काम करणारा रंगारी. हाताने लिहिलेली त्याची प्रचंड कादंबरी प्रकाशकांनी नाकारली आणि १९११ मध्ये लिव्हरपूलला क्षयाने तो वारला. पुरला गेला तो बेवारशांच्या खड्ड्यात. मुलीने ते हस्तलिखित पंचवीस पौंडांना विकले. 'द रॅगेड ट्राउझर्ड फिलँथ्रॉपिस्ट्स' १९१४ मध्ये पुष्कळ काटछाट करून निघाली आणि संपूर्ण स्वरूपात वाचकांना मिळायला १९५५ साल उजाडावे लागले. एक घर रंगवण्यासाठी जमलेले मजूर, बादलीत उकळलेला चहा, आणि कोण रिकामा उभा आहे हे पाहण्यासाठी सायकलवरून चोरपावलांनी येणारा मुकादम, ज्याचे मजुरांनी ठेवलेले टोपणनाव 'मिझरी' आहे. जेवणाच्या सुट्टीत फ्रँक ओवेन हा मजूर पावाचे तुकडे, खिशातले चाकू आणि तीन अर्धे पेनी यांच्या साहाय्याने भांडवल म्हणजे काय ते सोबत्यांना करून दाखवतो, आणि खेळ संपतो तेव्हा पाव तर सगळा मालकाकडे आणि मजूर पुन्हा रिकाम्या हाती! पुस्तकाचा दुसरा अर्धा प्रचाराने जड झालेला आहे, हे खरे आहे. पण शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला पाय दुखत असताना काय वाटते, हे लिहिणारा माणूस शिडीवरून खाली उतरून लिहायला बसला होता, आणि अशी पुस्तके कोणत्याही भाषेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात.

वुल्फबाईंवर अन्याय होऊ नये म्हणून दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. त्यांनी निबंधात बेनेटची जी 'हिल्डा लेसवेज' (१९११) निवडली, ती खरोखरच त्याच्या कमी प्रतीच्या पुस्तकांपैकी आहे. खिडकीतून दिसणाऱ्या घरांच्या ओळींचे जे वर्णन त्या उद्धृत करतात ते कंटाळवाणे आहे हेही खरे. बेनेटने फार लिहिले, आणि त्यातले बरेचसे पैशासाठी लिहिले. पण वुल्फबाईंची स्वतःची मिसेस ब्राउन आपल्याला दिसते कशी, हे पुन्हा वाचून पाहावे. ती स्वच्छ आणि विरलेल्या कपड्यांतली म्हातारी आहे, जिचे सगळे काही बटणे लावून, बांधून, शिवून, झटकून नीट ठेवलेले आहे, आणि हा नीटनेटकेपणाच चिंध्यांपेक्षा जास्त गरिबी सांगून जातो. हे वाक्य अप्रतिम आहे. आणि ते संपूर्णपणे कपड्यांवर उभे आहे. पाच वर्षांनी, १९२९ मध्ये, याच लेखिकेने ठासून सांगितले की स्त्रीला लिहायचे असेल तर तिला स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत. म्हणजे खोली आणि रक्कम. बेनेटच्या घरभाड्याला नावे ठेवणाऱ्या लेखणीनेच मनाच्या स्वातंत्र्याला घराचे दार आणि आकडा जोडला, ही गोष्ट त्या निबंधाच्या वाचकांनी शेजारी ठेवून पाहिली असती तर हा जुना वाद इतका एकतर्फी राहिला नसता. मार्च १९३१ मध्ये बेनेट विषमज्वराने गेला तेव्हा वुल्फबाईंनी रोजनिशीत लिहिले आहे की, आपल्याला वाटले होते त्यापेक्षा आपण अधिक दुःखी झालो. १९९२ मध्ये जॉन केरी या ऑक्सफर्डच्या समीक्षकाने बेनेटची जोरकस बाजू मांडली, पण तोवर अभ्यासक्रम ठरून गेले होते.

दुर्दैवाने आज आपल्याकडे बेनेटचे जे एक पुस्तक सर्रास दिसते, ते म्हणजे दिवसाचे चोवीस तास कसे वापरावे हे शिकवणारी त्याची छोटीशी पुस्तिका. तीही याच कादंबरीच्या वर्षी, १९०८ मध्ये निघालेली. रस्त्यावरच्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात ती यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी पडलेली असते. बेन्स बहिणींनी मात्र आयुष्याचे सगळे तास घालवून टाकले आणि त्यांची कादंबरी कोणी उचलत नाही.

मूळ लेखकास आणि आपणांस माझी एक विनंती आहे. बेनेट, वेल्स, लॉरेन्स आणि ट्रेसेल यांच्या स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली आहे. त्यांच्या कादंबऱ्या मराठीत आणायला परवानगीची वा मानधनाच्या वाटाघाटींची अडचण नाही. पुरवणीत परदेशी साहित्याच्या अनुवादाला आपण दरमहा एक पान देता, त्यात जॉइस आणि वुल्फ यांचे उतारे पुष्कळ येऊन गेले. एखाद्या महिन्यात 'द ओल्ड वाइव्ह्ज टेल'मधले दात उपटण्याचे प्रकरण द्यावे, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात वेढ्यातली सोफिया. दात उपटण्याच्या प्रकरणाचा अनुवाद करणाऱ्याने एकच काळजी घ्यावी: तिथल्या दुकानदारी बोलीला शुद्ध पुस्तकी मराठीचा अंगरखा चढवू नये. आपल्या बाजारपेठांत कापडाचे दुकान चालवणाऱ्या माणसांकडे गिऱ्हाइकाशी, नोकराशी आणि घरच्यांशी बोलण्याच्या तीन वेगळ्या तऱ्हा असतात, त्या तिन्ही या प्रकरणात लागतील.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक
सातारा